मदतनीसाचा लाल शेरा

४ मे, सोमवार
रादोमच्या कोर्टात, आमच्या दिवाळखोरी विभागात, आजपासून मदतनीस सुरू. मदतनीस म्हणजे माणूस नव्हे, संगणकातला प्रोग्रॅम. कर्जात बुडालेल्याची फाइल चार मिनिटांत वाचतो, खर्चावर लाल शेरे मारतो, निकालाचा मसुदा तयार करून न्यायाधीशापुढे, म्हणजे माझ्यापुढे, ठेवतो. मी फक्त सही करायची. तीस वर्षं खुर्ची झिजवली ती यासाठी!

विभागप्रमुख बोग्दानने केक आणला होता. म्हणे, "रेगिनाबाई, आता तुम्ही चारला घरी!" मला घरी जायची घाई आहे असं याला कोणी सांगितलं? केक मात्र दोन तुकडे खाल्ला.

५ मे
गोम कळली. मदतनीसाशी सहमत असलं तर एक बटण. नसलं तर दोन पानी कारण, वर बोग्दानची सही. मान डोलावणं फुकट, नाही म्हणायला दंड. आज सात फायली आल्या, पाच वेळा बटण दाबलं. त्याचं बरोबरच होतं, खोटं कशाला बोलू.

११ मे, सोमवार
लुत्सिना कोवाल. वय सत्तावन्न, शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. माणूस नशिबाने बुडाला असेल तर आम्ही तीन वर्षांपर्यंत हप्ते लावतो, मग उरलेलं कर्ज माफ. स्वतःच्या बेफिकिरीने बुडाला असेल तर सात वर्षांपर्यंत. तीन मिळाली तर ही साठीला मोकळी आणि पेन्शन तिच्या हातात. सात मिळाली तर पेन्शनलाही कात्री.

मदतनीस म्हणतो सात. लाल शेरे असे — दर मे महिन्यात नवं कर्ज. सायकल. सोन्याची साखळी. घड्याळ. पुन्हा सायकल. लॅपटॉप. पुन्हा सायकल. असे नऊ मे. 'हौसेची खरेदी, वारंवार.'

बाई काय सर्कशीत आहे? अहो, मे महिना वाचल्यावर पोलंडातल्या शेंबड्या पोराचीही ट्यूब पेटेल. मे म्हणजे पोरांचा पहिला ख्रिस्तप्रसाद. पांढरे झगे, चर्चबाहेर फोटो, हॉटेलात जेवण, आणि धर्ममातेने, म्हणजे बाप्तिस्म्याला जिने पोर हातात धरलं तिने, द्यायची भेट. नुसतं पाकीट नेलं तर नातेवाईक वर्षभर तोंडसुख घेतात. मदतनीसाला हे कोण सांगणार, त्याचा बाप्तिस्मा थोडाच झालाय.

बटण दाबलं नाही. बाईला बोलावणं धाडलं.

१२ मे
बोग्दान दारात उभा. "कागदांवरून निकाल देता येतो ना? बोलावता कशाला?"
"तोंड बघायचंय म्हणून."
"तुम्ही कॅल्क्युलेटरशी भांडताय, रेगिनाबाई."
"कॅल्क्युलेटर कोणाला बेफिकीर म्हणत नाही."
गेला पाय आपटत. जाऊ दे.

१४ मे
बोग्दान बोलत नाही. शांतता आहे. कामं उरकली.

२१ मे, गुरुवार
आज लुत्सिना आली. इस्त्रीचा ब्लाउज, मांडीवर पर्स घट्ट धरलेली. विचारलं, नऊ पोरांची धर्ममाता?
"अकरा, बाईसाहेब. दोघांचा ख्रिस्तप्रसाद अजून व्हायचाय."
कारकून मुलगी फिस्सकन हसली. मी डोळे वटारले, पण हसू मलाही येत होतं.
"एकालाही नाही म्हणता आलं नाही?"
तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू आरोपी मीच. "लेकराला नाही म्हणतात का कोणी? तुम्ही म्हटलंत?"
"मला कोणी विचारलंच नाही."
"घाबरत असतील बिचारे."

कर्ज देणाऱ्या कंपनीचा वकील उठला. कर्ज काढून सण करणं ही बेफिकिरी नाही का, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "साहेब, तुमच्याच दुकानात पाटी होती, ख्रिस्तप्रसादासाठी कर्ज, दहा मिनिटांत. वर पांढऱ्या झग्यातली मुलगी." वकील खाली बसला.

बोलताना ती तोंडावर हात धरते. पुढचे दोन दात नाहीत. दातांसाठी साठवलेलं दोनदा सायकलीत गेलं. म्हणे हौस! मला भयंकर राग आला. हा मूर्खपणा आहे, मान्य. पण आम्हा सगळ्यांचा आहे, एकट्या हिच्या माथी कसा मारायचा? आणि मदतनीसाने हिचं तोंड तरी पाहिलं का?

२५ मे, सोमवार
दोन पानं मागितली होती, अकरा लिहिली. तीन वर्षं दिली.

बोग्दान सही करेना. "वॉर्साला नकारांचा तक्ता जातो. सगळ्यात जास्त नकार रादोमचे दिसतील."
"दिसू देत."
"मदतनीस बंद करायचा बेत आहे का तुमचा?"
"आहे."
शेवटी केली सही. पेन टेबलावर आपटलं.

२६ मे
वॉर्साला फोन. प्रोग्रॅम सांभाळणारी कामिला नावाची मुलगी, आवाजावरून पंचविशीची. तिला म्हटलं, हे लाल शेरे मारायला तो शिकला कुठून? कोणत्या निकालांवरून? मला यादी हवी, सह्यांसकट. कोण एवढा दगडी काळजाचा बसलाय ते बघू दे एकदा. तक्रारीत नावानिशी लिहीन.
"यादी गुप्त नाही, पण आजवर कोणी मागितली नाही."
"मी मागतेय."

२९ मे, शुक्रवार
लुत्सिनाने कारकून मुलीकडे सफरचंदाचा केक ठेवला माझ्यासाठी. परत पाठवावा लागला, नियम आहे. वाईट वाटलं. वरच्या मजल्यावरचे दोन न्यायाधीश जिन्यात थांबून हात मिळवून गेले. तुम्ही होतात म्हणून ती बाई सुटली, म्हणाले. खोटं नाही सांगत, फार बरं वाटलं. तक्रारीचा मसुदा पूर्ण. फक्त नावं भरायची राहिलीत.

३ जून, बुधवार
यादी आली. बेचाळीस निकाल. त्यातले एकतीस माझ्या सहीचे.

पहिलाच एका बसड्रायव्हरचा. सहा पोरांचा धर्मबाप. त्याला मी बोलावलंही नव्हतं, कागदांवरून सात वर्षं दिली होती. त्यातली चार वर्षं त्याची अजून बाकी आहेत.