संस्थापकाची गाडी

३ फेब्रुवारी, सकाळ

पेपरात पहिल्या पानावर चिरंजीव. म्हणजे माझा मालिकेतला मुलगा. मी त्या मालिकेत कडक न्यायाधीश होतो आणि हा माझा वाया गेलेला दिवटा. मालिका संपल्यावर तो सिनेमात गेला, सुपरस्टार झाला. आता हॉस्पिटलला नवी विंग दिली म्हणे. फोटोत दाराएवढा चेक धरून उभा. डोळ्यांत पाणी. ग्लिसरिनचं. किती घालायचं ते मीच त्याला शिकवलं होतं.

बायकोला दाखवलं. म्हणाली, चांगलं काम केलंय पोराने. मी म्हटलं, अगं, रडणं खोटं आहे ते. म्हणाली, विंग तर खरी आहे ना?

जन्मभर नर्स होती. अभिनयातलं काही कळत नाही.

५ फेब्रुवारी

मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, करसल्लागार. बातमी वाईट. गादीच्या जाहिरातीचे सगळे पैसे याच वर्षी जमा झाल्याने टॅक्स जबरदस्त बसणार. त्या जाहिरातीत मी न्यायाधीशाच्या झग्यात गादीवर आडवा होतो आणि हातोडा आपटून म्हणतो, झोप मंजूर! टॅक्सचा आकडा ऐकून पुन्हा आडवा झालो. या वेळी गादी नव्हती.

विचारलं, चिरंजीव काय करतो मग? मेहुणा हसला. म्हणाला, भाऊजी, त्याचा ट्रस्ट आहे. डोंगरावरचा बंगला ट्रस्टचा, गाड्या ट्रस्टच्या, कुत्रासुद्धा ट्रस्टचाच. सगळं कायदेशीर.

म्हटलं, ही तर चक्क फसवणूक! तो म्हणाला, छे, छे. फसवणूक लपून करतात. आपण फॉर्म भरून करतो.

संध्याकाळी शांतपणे विचार केला. इतकी वर्षं मी कायद्याच्या बाजूने निकाल दिले. आता तोच कायदा मला प्रेमाने सूट देतोय. ती नाकारली तर त्याला किती वाईट वाटेल!

संकल्प: आर्थिक वर्ष संपायच्या आत दानशूर व्हायचं.

११ फेब्रुवारी

काय द्यावं? गादीचे निम्मे पैसे रोख देतोय, पण मेहुणा म्हणतो, आणखी काहीतरी हवं. व्यायामाची सायकल सुचवली. (जवळपास नवीनच आहे. वापरलीच नाही.) माझी सन्मानचिन्हं सुचवली. तो म्हणाला, याला किंमत लागत नाही, भाऊजी. मी दुर्लक्ष केलं.

मग त्याने खिडकीतून खाली बघितलं. माझ्या गाडीकडे.

ती गाडी म्हणजे माझा जीव. पांढरी, लांबलचक, मागे तीन जणांची आणखी एक रांग, छतात खिडकी. लोक आधी गाडी ओळखतात, मग मला. मी म्हटलं, जीव माग, गाडी नको. तो म्हणाला, ऐकून तर घ्या. गाडी ट्रस्टला दिली की देणगीवर सूट. वर पेट्रोल, सर्व्हिसिंग, ड्रायव्हरचा पगार, सगळं ट्रस्टच्या खात्यातून. विचारलं, आणि वापरणार कोण? म्हणाला, ट्रस्टच्या कामासाठी ट्रस्ट. मी म्हटलं, संस्थापक जिथे जाईल ते ट्रस्टचंच काम, नाही का?

तो खोकला. हा होकार.

१८ फेब्रुवारी

ट्रस्टला नाव माझंच. हट्ट नव्हता, दुसरं सुचलं नाही.

उद्देश लिहायचा होता. काहीतरी गाडीला शोभेलसं हवं. मी लिहिलं, 'गरजू रुग्णांची हॉस्पिटलात मोफत ने-आण'. वाचून माझेच डोळे भरून आले. ग्लिसरिनशिवाय.

एक अडचण. मेहुणा म्हणतो, सूट हवी तर ट्रस्टवर दात्याचा ताबा दिसता कामा नये. म्हणजे मला मत नाही. मत फक्त तीन विश्वस्तांना. म्हटलं, कागदावर ताबा नसू दे, घरात आहेच की. तो पुन्हा खोकला. डॉक्टरला दाखव म्हणून सांगितलं.

विश्वस्त मीच निवडले, अतिशय विचारपूर्वक. सासूबाई: त्या टीव्हीसमोर, जेवताना, कुठेही झोपतात. ड्रायव्हर: आजवर 'हो साहेब' सोडून तिसरा शब्द नाही. बायको, नावापुरती अध्यक्ष: माझं बोलणं ऐकतच नाही, मग विरोध कशाला करेल?

मी संस्थापक. हे पद अध्यक्षाच्याही वर असतं.

२ मार्च

हस्तांतरण सोहळा. चेकऐवजी प्लायवूडची भव्य किल्ली बनवून घेतली. पत्रकार येणार होते. एक आला, तो चुकून. त्याला वरच्या मजल्यावरच्या साखरपुड्याला जायचं होतं. तरी त्याने भलेपणाने फोटो काढला.

३ मार्च

छापून आलाय. सातव्या पानावर, पंख्यांच्या सेलखाली. किल्ली पूर्ण, माझा एक कान.

कान ओळखू येतो.

१० मार्च

गाडीतून केस कापायला गेलो. (संस्थापकाची प्रतिमा.) मग शिंप्याकडे. (तेच.) मग जुन्या मित्राकडे पत्ते खेळायला. (जनसंपर्क.) ट्रस्टचं काम थकवणारं असतं, लोकांना कल्पना नाही.

जेवताना बायकोला समजावलं की टॅक्स चुकवणं वेगळं आणि टॅक्स टाळणं वेगळं. तिने पूर्ण ऐकून घेतलं, हेच विशेष. म्हणाली, आम्हाला तो फरक शिकायची संधीच नाही मिळाली हो. आमचा पगार हातात यायच्या आधीच कापलेला असायचा.

गरीब बिचारी.

१७ मार्च

विश्वस्तांची पहिली सभा. जेवणाच्या टेबलावर. मी बिस्किटं मांडली. वाटलं, पाच मिनिटांत आटपेल.

सासूबाई जाग्या होत्या! चष्मा लावून माझा उद्देश मोठ्याने वाचला. मग म्हणाल्या, माझी मैत्रीण डायलिसिसला जाते, आठवड्यातून तीनदा, दोन बस बदलून. येताना बिचारीला उभं राहवत नाही. जावईबापूंनी फार वेळेवर काढला हा ट्रस्ट.

मी म्हटलं, तो उद्देश आहे, सासूबाई. उद्देश आणि काम यात फरक असतो. त्या म्हणाल्या, कोणता?

बायको म्हणाली, तिच्या जुन्या वॉर्डात असे बरेच जण आहेत. मग ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, खरं सांगू का, मॅडम? दिवसभर गाडी पुसून पुसून कंटाळा आलाय. सलग दोन वाक्यं बोलला! आवाज असा आहे हे आजच कळलं.

मत घेतलं. तीन विरुद्ध कोणीच नाही. सासूबाईंनी टेबलावर चमचा आपटला आणि म्हणाल्या, मंजूर!

ती माझी स्टाइल आहे.

२४ मार्च

गाडी सकाळी सहाला गेली, रात्री नऊला आली. आत औषधांचा वास. सीटवर प्लास्टिकची कव्हरं. दारावर स्टिकर: 'रुग्णसेवा, मोफत'. माझं नाव खाली, बारीक अक्षरांत. आणि छतातली उघडी खिडकी! चार वर्षं मी ती उघडली नव्हती, धूळ येते म्हणून. ड्रायव्हर म्हणाला, एका काकांना आभाळ बघायचं होतं, साहेब.

आभाळ काय, बाहेर नाहीये?

८ एप्रिल

ड्रायव्हरला कामावरून काढलं. तो म्हणाला, बरं साहेब, पण पगार ट्रस्ट देतो, मॅडमना विचारावं लागेल. मॅडम म्हणाल्या, सभेत मांडा. सभा सात तारखेला झाली. सभेत त्याच्या स्वतःच्या मताची गरजच पडली नाही. उलट पगार वाढवून दिला.

संकल्प: शांत राहणे. मोठी माणसं शांत असतात.

१९ एप्रिल

मेहुण्याला फोन. गाडी परत कशी घ्यायची? म्हणाला, घ्या की. फक्त मिळालेली सूट परत करायची, दंड भरायचा, आणि पेपरात आलेला तो कान परत घ्यायचा. दान म्हणजे दान, भाऊजी.

मी म्हटलं, तू खोकायच्या ऐवजी स्पष्ट बोलायचंस ना! तो म्हणाला, स्पष्ट बोलायची फी वेगळी असते.

५ मे

अखेर! कलावंतांच्या संघटनेचं पत्र. मला 'दानशूर कलावंत' पुरस्कार. मंगळवारी संध्याकाळी, मोठ्या नाट्यगृहात, चिरंजीवाच्या हस्ते. दारापर्यंत लाल गालिचा, दोन्ही बाजूंना कॅमेरे. गालिच्यासमोर गाडी थांबेल, ड्रायव्हर दार उघडेल, आधी माझा बूट दिसेल, मग मी. आरशासमोर खुर्चीतून उतरण्याची तालीम केली. उत्तम.

एका संध्याकाळपुरती गाडी द्यावी, असा रीतसर अर्ज केला.

८ मे

अर्ज नामंजूर. मंगळवारी संध्याकाळी डायलिसिसवाल्यांची पाळी असते. सासूबाईंनी विचारलं, पुरस्कार हा आजार आहे का? बायको म्हणाली, यांच्या बाबतीत आहे, पण हॉस्पिटलात उपचार नाहीत.

सभेत हशा. ड्रायव्हरसुद्धा हसला. तोंडावर हात ठेवून, पण हसला.

१२ मे, रात्री

लिहवत नाही. तरी लिहितो.

टॅक्सीने गेलो, पण गालिच्याच्या अलीकडच्या कोपऱ्यावरच उतरलो. चालत आलो तर लोकांना वाटेल, गाडी पार्क करून आला. योजना बिनचूक होती. कॅमेऱ्यांकडे पाहून हात हलवत निघालो आणि फुटपाथची कड दिसली नाही. आधी बूट दिसला, मग मी. आडवा. गर्दीतून कोणीतरी ओरडलं, झोप मंजूर!

लंगडत स्टेजवर गेलो. चिरंजीवाने मिठी मारली. डोळ्यांत पाणी, प्रमाण अचूक. कानात म्हणाला, बाबा, सगळं कळलं मला. स्वतःच्या ट्रस्टमध्ये मतदान ठेवलंत? कोणी ठेवतं का? माझ्याकडे एकच विश्वस्त, तोही मॅनेजर. विचारलं, आणि विंग? ती बांधली ना? म्हणाला, विंगवर नाव लागलं, बाबा. आतल्या पलंगांचं सरकार बघेल.

मग माइकवर म्हणाला, हे माझे आदर्श.

बाहेर टॅक्सीची वाट बघत उभा होतो. समोरून माझी गाडी गेली. माणसांनी भरलेली. छतातल्या खिडकीतून एक हात बाहेर, वारा खात. ड्रायव्हरने मला बघून हॉर्न दिला.

थांबला नाही. उशीर झाला असता त्यांना.

१५ मे

गुडघ्याची शीर दुखावलीय. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपी. त्याच हॉस्पिटलात, चिरंजीवाच्या विंगमध्ये. विंग सुंदर आहे. बसायला खुर्ची नाही. टॅक्सीवाले एवढे पैसे मागतात, मला सुपरस्टार समजतात की काय.

संकल्प: अर्ज करणार नाही. स्वाभिमान म्हणून काही असतं.

१६ मे

अर्ज केला.

२२ मे

सभा. गुडघा पाहून बायको हळहळली. पट्टी नीट बांधून दिली. मग अध्यक्षांच्या खुर्चीत बसली आणि उत्पन्नाचा पुरावा मागितला. नियम सर्वांना सारखा. फक्त कमी उत्पन्नवाल्यांनाच गाडी.

मी म्हटलं, अगं, मला ओळखत नाहीस का? म्हणाली, ओळखते म्हणूनच विचारतेय.

मेहुण्याने माझं विवरणपत्र पाठवलं. त्याची कारागिरी बघून मीही थक्क. देणगी वजा, गाडी वजा, झग्याची धुलाई वजा, अभिनयासाठी आवश्यक म्हणून चष्मा वजा. खाली जे उरलं त्यात आमचा दूधवालासुद्धा जगला नसता.

सासूबाईंनी चष्म्यातून आकडा पाहिला, मग माझ्याकडे. आवाज खाली आणून म्हणाल्या, जावईबापू, इतकी ओढाताण होती तर आधी नाही का सांगायचं?

गरजू म्हणून निवड. सर्वानुमते. चमचा.

२५ मे

पहिला दिवस. जागा: शेवटच्या रांगेत, मधली. गुडघे हनुवटीला. शेजारी सासूबाईंची मैत्रीण. निवृत्त कारकून, तोंडाने फटकळ. म्हणाल्या, तुम्ही गादीवाले ना? मी नम्रपणे म्हटलं, ही गाडी मीच दिलीय. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. म्हणाल्या, आणि आता तुमच्यावर ही वेळ आली! बघा, चांगल्या माणसाचंच असं होतं. मग पिशवीतून सफरचंद काढून अर्धं मला दिलं.

खरं काय ते सांगणार होतो. पण सफरचंद गोड होतं.

पुढची सीट मात्र रिकामी! विचारलं तर ड्रायव्हर म्हणाला, ती उलटी होणाऱ्यांसाठी राखीव आहे साहेब, मॅडमचा नियम. आणि तिथे तर काच मोठी, बाहेरच्या लोकांना माझा चेहरा दिसला असता.

संकल्प: परवापासून मला उलटी होणार. एवढी वर्षं अभिनयात फुकट नाही घालवली.

२७ मे

दुसऱ्या वळणावर सुरुवात केली. डोळे फिरवले, मान टाकली, घशातून आवाज काढला. माझ्या मते कारकिर्दीतलं सर्वोत्तम काम. शेजारच्या बाई घाबरून माझी पाठ चोळू लागल्या.

ड्रायव्हरने आरशात एकदा पाहिलं. मग मागे न वळता एक प्लास्टिकची पिशवी पाठवून दिली. हातोहात, सीटवरून सीटवर, शेवटच्या रांगेपर्यंत.

गाडी थांबली नाही.