सुपारी कातरेपर्यंत

पुणे, रविवार

आई, तुझ्या पायावर डोकं ठेवते.

मी बरी आहे, जेवण येळेवर होतंय. तुझा गुडघा कसा आहे? राधेश्याम हे वाचून दाखवील. भाऊ, एकबी ओळ गाळू नको.

तू सांगितलेल्या गोष्टी मी उतरवल्या, त्याचं पुस्तक निघतंय. सुपारी कातरायला तू जिथं थांबायचीस, तिथं मीबी थांबले. प्रकाशकांना वाचून दाखवलं, तर ते बराबर तिथंच हसले. "तुम्ही लेखिका," म्हणाले. मी म्हटलं, न्हाई, पुस्तक आईचं, हात फक्त माझा.

मंग त्यांनी पुस्तकाच्या कराराचा कागद दिला, तो सोबत पाठवलाय. सही येत न्हाई म्हणून आजवर तू मान खाली घालून अंगठा दिलास. हा वर बघून दे. जागा राधेश्याम दाखवील. तिथं 'लेखिका' लिहिलंय.

तुझी शालू