हवेवरचा की पाण्यावरचा

२ मे, गुरुवार
गुरुवार, म्हणजे लाइट नाही. कंपनीतून सुटून नसरापूरपासून भोंगवलीपर्यंत एसटीत उभ्याने आले, पाय भरून आलेत. अण्णांचं अंग पुसलं, कूस बदलली. आईच्या गोळ्या. मग पडवीत मशीनसमोर नुसतीच बसून राहिले. सुदाममामाच्या पासली गावातल्या नव्या घराचं दार. चार पॅनेलं, प्रत्येकावर भाताच्या लोंब्या कोरायच्या. वास्तुशांत महिनाअखेरीला आणि अजून एकही पॅनेल पुरं नाही. हौस म्हणून सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन जुळवलं, आता तेच मानगुटीवर बसलंय.

५ मे, रविवार
सकाळी दोन तास चालवलं. हा हवेवरचा स्पिंडल, बिट फिरवणारी मोटर, स्वतःच्याच पंख्याने थंड होतो, आणि तो पंखा असा किंचाळतो की बिट, म्हणजे कोरायचं पातं, लाकडात आहे की हवेत, तेही कळत नाही. पडवी आणि अण्णांची खोली यांच्यात एक भिंत. अर्धांगाला दोन वर्षं झाली. उजवी बाजू गेली, बोलणं जवळजवळ गेलं. डाव्या हातात काठी तेवढी. काही हवं असलं की खाटेच्या पायावर ठोकतात. आज एकदाही ठोकली नाही, भिंतीकडे तोंड करून पडून होते. जन्मभर सुतारकाम केलेला माणूस, आणि त्याच्या कानाशी मी हे लावून ठेवलंय. वाईट वाटतं. पण सुट्टीच्या दिवशी नाही तर करू कधी?

संध्याकाळी दादाचा पुण्याहून फोन. पाण्याने थंड होणाऱ्या, बिनआवाजाच्या स्पिंडलच्या भानगडीत पडू नको म्हणे. पंप, नळ्या, बादली, कोण बघणार ते सगळं? आहे तोच बरा. तुझं काय जातंय सांगायला, असं ओठावर आलं होतं. गिळलं.

९ मे, गुरुवार
घेतलाच पाण्यावरचा. कुरियर घेऊन येईपर्यंत अंधारायला आलं. लाइट आल्यावर बसवला. पडवीतली निळी बादली, तिच्यात पंप, दोन नळ्या वर स्पिंडलला. भुसा पडू नये म्हणून वर झाकण.

आई बघत उभी. "आपल्याला दिवसाआड नळ, आन् तुझं मशीन पाणी पितंय व्हय?" तेच पाणी फिरत राहतं, म्हटलं. तिला पटलं नाही बहुतेक. मलाही जास्त बोलायचं त्राण नव्हतं.

११ मे, शनिवार
आवाजच नाही! म्हणजे आहे, पण लाकडाचा. बिट सागात शिरताना, वळताना, सगळं ऐकू येतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोकं दुखलं नाही.

अर्ध्या तासाने काठी वाजली. मशीन चालू ठेवूनच धावले. पाणी? मानेनेच नाही. कूस? नाही. डोळे भिंतीकडे. परत आले तर परत काठी. तिसऱ्यांदा मात्र वाकून बिट बघितला. धार गेलेली, लाकूड तपकिरी पडायला लागलेलं. बिट बदलला. काठी बंद.

योगायोग असेल म्हणा.

१२ मे, रविवार
योगायोग नाही. मुद्दाम वेग वाढवून बघितला. ठक. कमी केला, गप्प. पुन्हा वाढवला. ठक. मी पडवीत एकटीच हसत होते. आत डोकावले तर अण्णांचं अर्धं तोंड हसत होतं.

लहानपणी रंध्याला हात लावला की म्हणायचे, "तू ऱ्हाऊ दे, लागंल हाताला." दादाला हाका मारायचे आणि दादा पळून जायचा. मी भुसा झाडायची. आज दोघांनी मिळून पहिलं पॅनेल पुरं केलं.

१८ मे, शनिवार
लिहवत नाही, तरी लिहिते.

आठवडाभर कंपनीत जादा वेळ. उठायला उशीर. चहा घेतला, दुसरं पॅनेल लावलं, मशीन सुरू. थोड्या वेळाने काठी. बिट बदलला. काठी. वेग कमी केला. तरी काठी, थांबेचना. मी भिंतीआडूनच ओरडले, "ऐकलं अण्णा, आता पुरे." मग थांबली.

पुढे अर्ध्या तासाने जळका वास. स्पिंडलला हात लावला तर बोट पोळलं. बादलीचं झाकण काढलं. आत लख्ख. घासूनपुसून कोरडी, आणि मधोमध पंप नीट मांडून ठेवलेला.

आईला विचारलं. ती म्हणाली, "शिळं पाणी किती दिस ठिवायचं? सकाळी समदी भांडी वतती, तशी ही बी वतली. नळ आला की भरनार हुते."

मी नाही नाही ते बोलले. ती बादली उचलून मोरीत गेली.

१९ मे, रविवार
स्पिंडलचं बेअरिंग गेलं, आतली तारेची गुंडाळीही जळली. जन्मभर बघतेय, नळाच्या दिवशी पहाटे हंडा, कळशी, तांब्या, सगळं ओतून घासून ताजं भरायचं. घरात झाकण घातलेलं पाणी आणि ते शिळं राहू द्यायचं, हे तिच्या हातून होणारच नाही. हे मला कळायला हवं होतं. मी तिला सांगितलंच नव्हतं.

आणि अण्णांनी तर सांगितलं होतं. बेअरिंग ओरडतंय हे त्यांना आतून कळत होतं, मला समोर उभं राहून नाही. त्यांना गप्प मीच केलं. आईची माफी मागितली. अण्णांची मागायला तोंड उघडेना.

२५ मे, शनिवार
जुना हवेवरचा परत चढवला. मंगळवारी मामाचा टेम्पो येणार, भटजींची तारीख पक्की. दादा म्हणाला, सांगितलं होतं की नाही? त्याचं बरोबरच आहे. याला पाणी लागत नाही, आईने बादली ओतली तरी बिघडत नाही, मी दमलेली असले तरी चालतो.

दोन पॅनेलं उरकली. काठी एकदाही नाही. एका लोंबीचे दाणे फाटले, ते मला काम संपल्यावर दिसलं.

आई आता दर नळाच्या दिवशी पहाटे ती निळी बादली घासते, भरते, झाकण ठेवून मशीनखाली सरकवते. नळी जोडलेली नाही. तिला सांगायचा धीर होत नाही.

२६ मे, रविवार
चौथं पॅनेल. निम्म्यावर असताना ठक.

मशीन बंद करून धावले. बिट बघितलाच नाही, आधी आत. अण्णा माझ्याकडे बघत होते. ओठ जुळवायला किती वेळ लागला त्यांना. मी खाटेवर बसून राहिले.

"आयकू येईना."

काय ऐकू येईना, अण्णा? डावा हात उचलून त्यांनी भिंतीवर टेकवला.

"लाकूड."

तेवढंच. कित्येक महिन्यांत एवढं बोलले नव्हते. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि रडले. चुकलं माझं, म्हटलं. त्यांनी हात काढून घेतला नाही.

नवा पाण्यावरचा मागवला तरी आठ-दहा दिवस. तोवर वास्तुशांत होऊन जाईल. हवेवरच्यावर उरलेलं काम दीड तासाचं, पण ते अण्णांना लाकूड ऐकू न येता. तीन पॅनेलांचं दार मामा लावून घेईल का, विचारावं लागेल. फोन हातात घेतला, ठेवला.

आई पडवीतून म्हणाली, "बादली भरून ठिवलीया. ताजी हाय."

मशीन अजून बंदच आहे.