पोस्टमधली मावशी

मॉरिसव्हिल, ८ मार्च २०२५

चि. ऋता हिस,

अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र काल मिळालं. फोनवर तू बोललीस तेव्हा माझ्या कानातल्या मशीनने नुसती शिट्टी ऐकवली, म्हणून लिहून पाठव म्हटलं होतं. तुमची अख्खी टीमच काढली म्हणतेस, तेव्हा स्वतःला बोल लावू नकोस. व्हिसाचे साठ दिवस, म्हणजे २ मेच्या आत नवी नोकरी हवी, हे समजलं. मिळेल. तू सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतेस आणि चुकांचा या देशात तुटवडा नाही.

जेवत जा. मेथीचे लाडू वेगळ्या डब्यात पाठवलेत. मी ठणठणीत आहे, खोकला तेवढा रेंगाळलाय. डॉक्टरने छातीचा फोटो काढायला सांगितलाय. काढीन सवडीने. जन्मभर दुसऱ्यांना भूल दिली, आता स्वतःला देते.

माया आहेच, ती धरून राहा.

तुझी,
मालिनीमावशी

फ्रीमाँट, १६ मार्च

ती. मालिनीमावशीस,

सा. न. वि. वि. लाडू संपले. एकशे चाळीस अर्ज झाले, उत्तर एकालाही नाही. मैत्रिणीने देवांग नावाचा कोच सुचवला. तो म्हणतो, माझ्यासारखे रेझ्युमे हजारोंनी पडलेत, लोकांना माणसाची गोष्ट लक्षात राहते, तेव्हा मी स्वतःचा ब्रँड करायला हवा. रोज सकाळी सातला नोकरीच्या साइटवर एक पोस्ट. आईबद्दल लिही म्हणाला. ती गेली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. चार ओळी लिहिल्या आणि पुसल्या.

मग तुझ्याबद्दल लिहिलं. मी स्टेट कॉलेजला शिकत होते तेव्हा तू आली होतीस आणि माझं गोळ्यांचं कपाट आवरताना सांगितलं होतंस की सिरिंजवरचं लेबल तीनदा वाचायचं: उचलताना, भरताना, देताना. मीही टेस्टिंग असंच करते, असं लिहिलं. मावशी, नऊशे लोकांना आवडलं. देवांगने माझ्या नावाखाली ‘लेबल तीनदा वाचणारी’ असं घालायला लावलंय. रागावली नाहीस ना?

तुझा हात पाठीवर असू दे.

तुझी,
ऋता

मॉरिसव्हिल, २९ मार्च

चि. ऋता हिस,

अनेक आशीर्वाद. रागावते कशाला? शेजारची सुहासिनी रोज सकाळी आयपॅड घेऊन येते आणि तुझं लिखाण मोठ्या अक्षरात दाखवते. तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहिले, कुणी नाव विचारलं नाही. आता मराठी मंडळात लोक मला लेबलवाल्या मावशी म्हणतात. मी फुशारले आहे हे खोटं कशाला बोलू.

एक मात्र विचारते. मंगळवारी तू लिहिलंस की मी वॉकर घेऊन चालते. मी रोज तळ्याला दोन फेऱ्या मारते, हे तुला ठाऊक आहे. शुक्रवारी लिहिलंस की माझे हात थरथरतात, लेबल धरवत नाही. ते वाचून सुहासिनी माझ्या हातांकडे बघत राहिली. मग मीही बघितलं. हात जागच्या जागी होते.

जपून असावे, बाईसाहेब.

तुझी,
मालिनीमावशी

फ्रीमाँट, ५ एप्रिल

ती. मालिनीमावशीस,

सा. न. वि. वि. चुकलं माझं. पण ऐक. तुझ्या तळ्याच्या फेऱ्यांवर लिहिलं तेव्हा चाळीस जणांनी वाचलं. हात थरथरतात म्हटल्यावर सहा हजारांनी. देवांग म्हणतो, गोष्ट पुढे सरकली नाही तर लोक निघून जातात. तीन कंपन्यांचे फोन आले आणि तिघांनीही आधी मावशी कशी आहे हे विचारलं. मी म्हटलं, आहे तशीच आहे. मला वाटलं, हे काही खोटं नाही.

परत जा म्हणू नकोस. बाबांच्या नव्या संसारात मला जागा नाही हे तुला माहीत आहे. या देशात माझं माणूस म्हणजे तूच. सत्तावीस दिवस उरलेत. नोकरी मिळाली की सगळं पुसून टाकीन.

रागावू नकोस एवढंच मागते.

तुझी,
ऋता

मॉरिसव्हिल, १२ एप्रिल

चि. ऋता हिस,

आशीर्वाद. आधी वॉकर, मग हात, आणि काल ऑक्सिजनची नळी. पेशंट कुठे निघालाय हे कळायला मला रिपोर्ट लागत नाही. बाळा, तिथपर्यंत जाऊ नकोस. मी भित्री नाही, पण हल्ली सकाळी बेल वाजली की दार उघडायला मी वेळ लावते. आज आपल्याला काय झालं, हे सुहासिनीच्या तोंडाकडे बघून कळतं.

मलाही तुला एक गोष्ट सांगायची आहे. दोनदा लिहायला बसले आणि कागद फाडला. ती पोस्टमध्ये येणार नाही असं लिहून पाठव, मग सांगते.

उलट टपाली उत्तर दे.

तुझी,
मालिनीमावशी

फ्रीमाँट, २४ एप्रिल

ती. मालिनीमावशीस,

सा. न. वि. वि. नोकरी मिळाली. २८ तारखेच्या आत व्हिसाचे कागद दाखल होतील. मी राहू शकते.

आता पुढचं. सुहासिनीकाकूंनी दाखवलं असेलच. शेवटच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, मी लिहिलं की तू गेलीस. मला ते लिहायचं नव्हतं. तीन उमेदवार उरले होते आणि बाकीचे दोघे माझ्यापेक्षा हुशार होते. मुलाखतीत माझी नवी मॅनेजर, इला, रडली. तिचीही मावशी गेल्या वर्षी गेली. तिने मला शोकासाठी आठवडाभर उशिरा यायला सांगितलंय आणि घरी पांढरी फुलं पाठवलीत. ती टेबलावर आहेत. मला टाकवत नाहीत.

हात जोडून विनंती आहे. मंडळाच्या पानावरचा तुझा गुढीपाडव्याचा फोटो काही महिने काढायला सांग. काकूंना म्हणावं, माझ्या पोस्टखाली काही लिहू नका. आणि पाकिटावर मागे तुझं नाव नको. ऑफिसजवळ नवं घर भाड्याने घेतेय, तिथे इलाची मैत्रीण माझ्याबरोबर राहणार आहे.

तू काहीतरी सांगणार होतीस. आता सांग. आता कुठेच लिहायचं नाहीये.

माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
ऋता

मॉरिसव्हिल, १ मे

चि. ऋता हिस,

अनेक आशीर्वाद. नोकरीचं वाचून जीव भांड्यात पडला. तू इथे राहिलीस, याचा आनंद मला खरोखर झाला आहे. फोटो काढायला सांगितलाय.

मंडळातले मनोहरराव आणि त्यांची बायको पिठलं-भाताचा डबा घेऊन भेटायला आले होते. दार मीच उघडलं. मनोहरराव पायरीवर मटकन बसले. आम्ही सगळे हसलो. डबा मी ठेवून घेतला.

आता माझी गोष्ट. छातीच्या फोटोत डाग दिसला होता. १५ तारखेला तुकडा काढला आणि २१ला, तुझ्या त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी, रिपोर्ट आला. कॅन्सर आहे, पसरलेला आहे. लेबल मी तीनदा वाचलं. नाव माझं, जन्मतारीख माझी, नमुनाही माझाच. दिवाळीपर्यंत वेळ आहे असं ते म्हणतात. माझा अंदाज गणपतीपर्यंतचा आहे.

हे वाचून तू विमानाचं तिकीट काढशील, मला माहीत आहे. काढू नकोस. इलाला काय सांगून रजा घेशील? ऑफिसात एक मावशी एकदाच जाते. आणि खरं बाहेर पडलं तर नोकरी जाईल, तिच्यामागोमाग व्हिसा. तेवढ्यासाठी तर सगळं केलंस. सुहासिनी आहे, नर्स आहे. माझं काही अडत नाही.

तुझी ती रविवारची पोस्ट सुहासिनीने मला दाखवली नव्हती. मी मागून घेतली. लिहिली छान आहेस. शेवटी मी तुझा हात धरून गेले, असं त्यात आहे. वाचून फार रडले. तेवढं तरी खरं व्हावं, असं मला वाटत होतं.

पाकिटावर नाव घातलेलं नाही. लोभ होता, तो तसाच राहू दे.

तुझी,
कै. मालिनीमावशी