छातीत दुखण्याचा रकाना

बर्मिंगहॅम. रविवार, २ नोव्हेंबर, संध्याकाळ

पोर्तुगालच्या रिटायरमेंट व्हिसासाठी हेल्थ इन्शुरन्स सक्तीचा, म्हणून चहानंतर दोघं फॉर्म घेऊन बसलो. आमच्याकडे फॉर्म भरायचे मी आणि न वाचता सह्या करायच्या यांनी. चाळीस वर्षं हेच. माझं ब्लडप्रेशर, गुडघे, सगळं लिहून झालं. यांच्या पानावर मात्र मी काही न विचारता भराभर 'नो' टिक करत सुटले. स्वतः हार्टचे डॉक्टर, यांना काय होणार?

छातीत दुखण्याच्या रकान्यापाशी यांनी माझा हात धरला.

"इथे येस कर."

"कधीपासून?"

"एप्रिलपासून. जिना चढताना."

"अहो, मला नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस. पण इथे खोटं लिहिलं तर उद्या क्लेम नाकारतील."

एप्रिलमध्येच आम्ही नवी गादी वर चढवली. जिन्यात खालून मीच ओरडत होते, जरा जोर लावा म्हणून.

रकाना अजून कोराच आहे. उद्या आधी यांना आमच्या जीपी डॉक्टरांकडे न्यायचं, पोर्तुगालचं मग बघू. रागावू तरी कशी? पण सलतंय. इन्शुरन्सवाल्यांशी खोटं बोलून चालणार नव्हतं. माझ्याशी सात महिने चाललं.