टेंपो परत पाठवला

बाबा, आज मी एक टेंपो पेशंट न घेताच परत पाठवला. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

ठाकुरवाडीकडचे एक मामा आमच्या वॉर्डात आहेत. बायपास होऊन सहा दिवस झाले. आज सुट्टी होती, कागदावर सही झाली होती आणि खाली अर्धी वाडी त्यांना न्यायला आली होती. जाता जाता मी मनगट धरलं, तर नाडी वेडीवाकडी. दोन ठोके घाईत, एक गाळलेला, मग पुन्हा पळापळ. "मामा, छातीत काय होतंय?" "काय नाय गं. टेंपो उभा हाय खाली." आणि त्यांनी बाही खाली ओढली. अगदी तुझ्यासारखी.

मी नववीत होते, तुझंही हेच ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशनला जाताना तू काढून दिलेलं घड्याळ माझ्या हातावर, आणि शाळेत नाडी मोजायला नुकतंच शिकवलेलं. सुट्टीच्या दिवशी तुझ्या खाटेशी बसून मोजतेय, आकडा काही जमत नाही. "बाबा, हे चुकतंय." तू बाही खाली ओढून हसतोस. "चुकू दे. त्या सिस्टरला सांगू नको हां बाय. लोकं रोज बुडवून आलीत, त्यांना काय तोंड दाखवू?" आपल्याकडे माणूस दवाखान्यातून एकटा येत नाही, वाडी आणायला जाते, आणि आलेल्या वाडीला परत जा म्हणायची लाज तुला मरणापेक्षा मोठी वाटली. तीन आठवड्यांनी तुझी उजवी बाजू गेली, वाचा गेली, मग तू.

आई अजून नशीब म्हणते. मी नाही म्हणणार. ऑपरेशननंतर हृदय काही दिवस हुळहुळं असतं, त्याची लय अशी बिघडते, हे नवीन नाही. म्हणून नाडी बघत राहायची, रक्तातले क्षार सांभाळायचे, लय आवरणारी गोळी चुकू द्यायची नाही. तरी बिघडलीच तर ईसीजी काढायचा, औषध द्यायचं, लागलं तर रक्त पातळ ठेवायचं. कारण थरथरणाऱ्या हृदयात गुठळी धरते आणि मेंदूकडे जाते. हे शिकवलं त्या दिवशी मी नर्सिंगच्या वर्गात वही मिटून बसले होते. तू नक्की वाचला असतास असं नाही. पण हे नशीब नव्हतं.

मामांचा ईसीजी काढून डॉक्टरांपुढे ठेवला. सुट्टी रद्द झाली. खाली मीच गेले. एक म्हातारी परत टेंपोत चढेचना. "तू कोन गं आमाला परत धाडणारी?" "मी पण वाडीतलीच, मावशी. माझा बाप असाच टेंपोत बसून घरी गेला होता." मग ती चढली आणि ड्रायव्हरने गाडी चालू केली. वर मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "तू सिस्टर आहेस की मुकादम?" मुकादम तर मुकादम. मामा भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "लोकांत शोभा केलीस माजी." केली. उद्या दुसऱ्याची करीन. त्यांची लय अजून जागेवर आलेली नाही, पण औषध चालू आहे आणि ते माझ्या नजरेसमोर आहेत.

हे पत्र लॉकरमध्ये घड्याळाखाली राहील. तू सांगितलंस म्हणून मी गप्प बसले, असं मी आजवर सांगत आले. तेवढंच नव्हतं, बाबा. मलाही घरी जायचं होतं. तुला न्यायला आलेल्या त्या टेंपोत ड्रायव्हरशेजारची खिडकीची जागा मला मिळणार होती.