आणण्याआधी विचारा

प्रिय सूनबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र न उघडताच बाजूला टाकशील, अशी धास्ती आहे. टाकलंस तर तुला बोल लावणार नाही. पण उघडलंस तर शेवटपर्यंत वाच. फोनवर मला हे जमत नाही. गेल्या आठ महिन्यांत तीनदा तुझा नंबर लावला आणि तू ‘हॅलो’ म्हणायच्या आत ठेवून दिला.

ह्यांनी दुकान बंद केलं. रंधे, करवती, पटाशा, सगळं एका ओळखीच्या सुताराला देऊन टाकलं. सकाळी चहा घेतात आणि खिडकीशी बसतात. जेवायला हाक मारली की येतात, पानात पडेल ते खातात. चाळीस वर्षं माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवल्याशिवाय या माणसाचा घास उतरला नाही, आणि आता भाजी खारट झाली तरी गप्प. त्यांचं हे गप्प बसणं मला खायला उठतं.

ठमी सहा महिन्यांची झाली तेव्हा तू आम्हाला एक यादी दिली होतीस. आणण्याआधी विचारा. बारीक तुकड्यांचं काही नको. एका वेळी एकच वस्तू. तू औषधांच्या दुकानात काम करणारी, बारीक अक्षरातलं वाचायची तुला सवय. ह्यांनी ती यादी आपल्या दुकानात भिंतीला लावली. लाकडी बदक करायचं तर आधी तुला विचारलं, कडा घासून घासून इतक्या गुळगुळीत केल्या की मी म्हटलं, अहो, बदक शिल्लक राहू द्या. मला मात्र ती यादी झोंबली. माझ्या नातीला मी काही द्यायचं तर अर्ज करायचा का, असं मी शेजारणीला म्हणाले. मी ठमीएवढी बाहुली आणली, ती तू ‘छान आहे हं आई’ म्हणून कपाटावर ठेवलीस. तुझ्या आईनं दिलेलं बाहुलीघर मात्र बैठकीत मांडलेलं. तिनं तुला आधी विचारून दिलं होतं, हे मला कळत होतं. तरी मनात अढी बसली ती बसलीच.

दर गुरुवारी ठमी आमच्याकडे असायची. दारातून आत आली की आधी आजोबांकडे पळायची. भुसा अंगाला लावून घ्यायची, खिळे नसलेल्या ठोकळ्यांवर हातोडी आपटायची. मग भूक लागली की माझ्याकडे. मी म्हणजे वाटी-चमचा. हसशील, पण साठी उलटलेल्या बाईला चार वर्षांच्या पोरीनं आपल्याकडे आधी यावं असं वाटतं, आणि त्यासाठी ती काय वाटेल ते करते.

त्यानंतरचं तुला ठाऊक आहे. निदान तुला तसं वाटतं. एका गुरुवारनंतर तिचं पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या. डॉक्टर आधी म्हणाले, पोट बिघडलंय. तू मला फोन करून विचारलंस, आई, काल तिनं काही वेगळं खाल्लं का, तोंडात काही घातलं का? मी म्हणाले, नाही गं, नेहमीचंच. तिसऱ्या दिवशी पोटाचा फोटो काढला तेव्हा आतड्यात चुंबकाचे दोन मणी दिसले, वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना चिकटलेले, मधलं आतडं चिमटून धरलेलं. तिला ऑपरेशनला आत नेल्यावर दवाखान्याच्या त्या बाकावर तू सगळ्यांकडे पाहिलंस आणि विचारलंस, हे आलं कुठून? तेव्हा हे म्हणाले, माझ्या दुकानातले असतील, कपाटाच्या दारांना बसवतो तसले. तू इतकंच म्हणालीस, बाबा, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. नंतर निरोप आला, तूर्तास येऊ नका.

सूनबाई, कपाटाच्या दाराचं चुंबक चांगलं बोटाएवढं असतं. ते मणी मी आणले होते. रंगीत, चकचकीत, एकाला एक लावले की माळ होते. डबीवर लहान मुलांना देऊ नये असं लिहिलेलं होतं आणि ते मी वाचलं होतं. माझ्यासमोरच तर खेळणार, म्हणून मनाची समजूत घातली आणि दोन-तीन गुरुवार डबी उघडली. त्या गुरुवारी ठमी दारातून थेट माझ्याकडे आली, आजोबांकडे नाही. मी कशी फुलून गेले होते ते आज लिहितानासुद्धा लाज वाटते. संध्याकाळी मोजले तर दोन कमी भरले. सोफ्याखाली हात घालून पाहिलं, केरात पाहिलं, आणि गेले असतील कुठेतरी म्हणून डबी लपवली. तुझा फोन आला तेव्हा मला ते दोन मणी आठवले होते. ‘नेहमीचंच’ म्हणाले तेव्हा आठवले होते. ते दोन दिवस मी तिच्या आतड्याचं नाही, माझ्या अब्रूचं बघत होते. ह्यांनी बाकावर माझा चेहरा पाहिला आणि ओळखलं. मला आजवर एका शब्दानं विचारलेलं नाही.

तरीही मी गप्पच राहिले असते. मी काय बाई आहे ते तुला कळावं म्हणून हेही लिहिते. पण परवा तुझा नवरा ह्यांची औषधं द्यायला आला होता. सांगत होता, बालवाडीत ठमी झोपाळ्यावरून पडली, मनगटाचं हाड मोडलं, आणि पोरीनं दिवसभर कुणाला सांगितलं नाही. तू संध्याकाळी बाही काढताना सूज पाहिलीस. का नाही सांगितलंस म्हटल्यावर म्हणाली, आईला सांगायचं नसतं. तो कपाळावर हात मारून म्हणाला, हे कुठून शिकली कोण जाणे. मी ओट्यापाशी उभी होते. तो गेल्याबरोबर मी कागद-पेन शोधलं.

हे मी शिकवलं. ती डबी उघडताना दर वेळी तिच्या कानात सांगायची, हे आपलं गुपित हं, आईला सांगायचं नाही. म्हणून पोटात कळा येत असतानाही ती बोलली नाही. पोरीनं मला दिलेला शब्द पाळला, आणि अजून पाळते आहे. मला माफ कर असं मी लिहीत नाही, तो तुझा प्रश्न आहे. ह्यांना बोलाव, त्यांचा काडीचा दोष नाही, मी घरीच थांबेन. पण त्याआधी एकदा मला फोन लाव आणि तिच्या कानाला धर. तू शेजारीच उभी राहा. मी तिला इतकंच सांगेन, की आजी चुकली होती, गुपित संपलं, आता दुखलं-खुपलं की आधी आईला सांगायचं. हे तिला दुसऱ्या कुणी सांगून पटणार नाही. मग फोन काढून घे, पुन्हा दिला नाहीस तरी चालेल. पण उशीर करू नकोस गं. आज तिला कुठे दुखत असेल तर तुला कळायचं नाही.

तुझीच,
ठमीची आजी